संशोधन-प्रस्तावामागचा शास्त्रज्ञ कुठून आला?

ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने निधीसाठी केलेला अर्ज एका वाक्याचा होता म्हणे: ‘मला १० हजार मार्क हवे आहेत.’ खाली सही. किस्सा बहुधा मागाहून रचलेला आहे, तरी प्रयोगशाळांत तो चवीने सांगितला जातो. आज तेवढंच मागायला एक जाडजूड बाड लागतं आणि ते बांधायला मदत करणं हा स्वतंत्र पेशा झाला आहे. त्यात शिरणाऱ्यांत पीएचडी आणि त्यानंतरचं संशोधन, म्हणजे पोस्टडॉक, केलेले शास्त्रज्ञही आहेत.

दुसऱ्या महायुद्धाआधी पैसा बराचसा माणूस पाहून मिळे. संशोधनाला पैसा देणाऱ्या रॉकफेलर फाउंडेशन या अमेरिकी खासगी संस्थेचे वॉरन वीव्हर स्वतः प्रयोगशाळा हिंडून कोणाला मदत करायची ते जोखत. युद्धानंतर सरकार मोठं दाता झालं. सरकारने मूलभूत संशोधनाला पैसा द्यावा, असं सांगणारा अमेरिकी अभियंते व्हॅनेव्हर बुश यांचा अहवाल १९४५चा, आणि असा निधी देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेची स्थापना १९५०ची. जनतेचा पैसा म्हटल्यावर लेखी प्रस्ताव, तज्ज्ञांची छाननी आणि हिशेब हे ओघाने आलंच. विद्यापीठांत त्यासाठी कार्यालयं उघडली, १९५९ साली तिथल्या अधिकाऱ्यांची अमेरिकेत संघटनाही झाली. पण ही मंडळी अंदाजपत्रक आणि सह्या सांभाळणारी. आतल्या विज्ञानात त्यांनी नाक खुपसावं, अशी अपेक्षा नव्हती.

मग प्रस्तावच बदलत गेला. १९९७ साली नॅशनल सायन्स फाउंडेशनने वैज्ञानिक गुणवत्तेच्या जोडीला ‘समाजाला याचा काय उपयोग’ हा दुसरा निकष मांडला. जानेवारी २०११पासून विदा (डेटा) कशी जपणार, याचं टिपण सक्तीचं झालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी, म्हणजे एनआयएचने, २०१०मध्ये मुख्य अर्जातला संशोधन आराखडा २५ पानांवरून १२वर आणला. ऐकायला सुटका वाटते. पण लिहिताना कोणता परिच्छेद उडवायचा, हे ठरवणंच अवघड असतं. त्यात स्पर्धा वाढली. एनआयएचचं अंदाजपत्रक १९९८ ते २००३ या काळात दुप्पट झालं आणि मग रेंगाळलं, अर्जदार मात्र वाढलेलेच राहिले. युरोपीय संघाच्या निधीतून संशोधनाला पैसा देणाऱ्या युरोपियन रिसर्च कौन्सिलने २००७मध्ये तरुण संशोधकांकडून अर्ज मागवणारं पहिलं आवाहन काढलं, तेव्हा ९ हजारांवर अर्ज आले आणि निधी सुमारे ३०० जणांना मिळाला. २०१२ साली ऑस्ट्रेलियात वैद्यकीय संशोधनाच्या निधीच्या एका फेरीतले ३,७२७ प्रस्ताव लिहिण्यात संशोधकांची मिळून सुमारे ५५० वर्षं खर्ची पडली, असा तिथल्याच संशोधकांचा अंदाज आहे. त्यातले जेमतेम एकपंचमांश मंजूर झाले.

हिशेबनिसाने सुटणारी ही अडचण नव्हती. प्रश्न दुसऱ्या पानावर का दडलाय, तिसरं उद्दिष्ट पहिल्यावर इतकं का टेकलंय, तुलनेसाठीचा गट कुठे आहे, हे विचारायला स्वतः प्रयोग केलेला, नाकारलं जाणं सोसलेला माणूस लागतो. आकृती सुधारणं, सहकारी जुळवून देणं, सादर करण्याआधी परीक्षणाची रंगीत तालीम घेणं ही कामं अशा लोकांकडे आली. अमेरिकेत २०१०मध्ये त्यांची वेगळी संघटना झाली, तोवर अनेक जण हेच काम वेगवेगळ्या पदनामांनी करत होते. प्रयोगशाळेत जमलं नाही म्हणून इकडे आले, हा शेरा त्यांना अजून ऐकावा लागतो. माझ्या मते तो चुकीचा आहे: एकाच विषयात खोल उतरण्यापेक्षा दहा विषय समजून घेण्यात रमणारे शास्त्रज्ञ पूर्वीही होते, त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती एवढंच.

ती खुर्ची अजूनही डळमळती आहे. प्रस्ताव तयार करण्याचा खर्च अमेरिकी नियमांत सहसा अप्रत्यक्ष खर्चात धरला जातो, म्हणजे वीज, इमारत, प्रशासन यांच्याच गाठोड्यात. फेब्रुवारी २०२५मध्ये एनआयएचने या खर्चावर सरसकट १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. न्यायालयाने ती रोखली. पण तोवर या पेशातल्या अनेकांना आपला पगार नेमका कुठून येतो, याचा हिशेब मांडावा लागला होता.