बालपणी कर्करोगातून वाचलेल्यांची झोप : एका उशिरा विचारलेल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

लहानपणी कर्करोग होऊन गेलेला आणि आज चाळिशीत असलेला माणूस ‘रात्री झोप नीट लागत नाही’ अशी तक्रार करतो, तेव्हा त्या तक्रारीचा संबंध तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या उपचारांशी असू शकतो, हा विचार वैद्यकशास्त्रात बराच उशिरा आला. त्याचे एक कारण अगदी साधे आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी हा प्रश्न ज्यांना विचारायचा, ती माणसेच जवळजवळ नव्हती.

१९४८ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधामुळे तीव्र ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेल्या काही मुलांचा आजार मागे हटतो असे दाखवून दिले, पण ती माघार तात्पुरती होती आणि आजार पुन्हा उलटत असे. चित्र पालटले ते साठच्या दशकात. मेंफिस येथे १९६२ मध्ये सुरू झालेल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की, रक्तातून दिलेली औषधे मेंदूपर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत, रोगाच्या पेशी तिथे दडून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. त्यावर उपाय म्हणून अनेक औषधांच्या जोडीला डोक्याला रेडिएशन आणि मणक्यातून मेथोट्रेक्सेट हे औषध देण्यात येऊ लागले. दशकाच्या अखेरीस या पद्धतीने उपचार घेतलेल्या मुलांपैकी सुमारे निम्मी मुले दीर्घकाळ रोगमुक्त राहिली. डोक्याला दिलेल्या रेडिएशनची तेव्हाची मात्रा २४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक) होती. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढच्या हकिकतीचा बराचसा भाग त्याच्याभोवती फिरतो.

रेडिएशन आणि झोप यांचे नाते मात्र त्याहून जुने आहे. डोक्यातील गजकर्णावर एकेकाळी क्ष-किरणांनी उपचार केले जात. अशा उपचारानंतर काही आठवड्यांनी काही मुले दिवसचे दिवस गुंगीत असल्यासारखी झोपून राहतात, अशी नोंद द्रुकमान यांनी १९२९ मध्येच करून ठेवली होती. ल्युकेमियाच्या मुलांमध्ये नेमके हेच पुन्हा दिसले, तेव्हा १९७३ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी त्याचे सविस्तर वर्णन केले: रेडिएशन संपल्यावर साधारण चार ते आठ आठवड्यांनी मूल एकाएकी मलूल होते, जेवण टाळते, चिडचिडे होते आणि दिवसाचा मोठा भाग झोपेत घालवते; नंतर ते आपोआप पूर्ववत होते. मज्जातंतूंच्या आवरणावर झालेल्या तात्पुरत्या परिणामाची ही खूण असावी, असे मानले गेले. लक्षण तात्पुरते असल्यामुळे डॉक्टरांना हायसे वाटले आणि विषय तिथेच थांबला, हे समजण्यासारखे आहे. त्या मुलांची झोप वीस वर्षांनी कशी असेल, हे विचारण्याची वेळ अजून आली नव्हती.

ती वेळ येऊ घातली आहे, याची जाणीव सर्वांत स्पष्ट शब्दांत रेडिएशनतज्ज्ञ डॉक्टर ज्युलिओ डँजिओ यांनी करून दिली. बालकर्करोगात केवळ बरे करणे पुरेसे नाही, अशी भूमिका त्यांनी १९७५ मध्ये मांडली. तरीही त्यानंतरची वीस वर्षे लक्ष गेले ते मोजता आणि दाखवता येणाऱ्या हानीकडे: खुंटलेली उंची, थायरॉइडचे बिघाड, अँथ्रासायक्लिन गटातील औषधांनी कमजोर झालेले हृदय, दुसरा कर्करोग. या गोष्टी रक्ततपासणीत, इकोमध्ये किंवा क्ष-किरण चित्रात दिसतात. झोप तशी दिसत नाही. शिवाय जीव वाचलेल्या माणसाने झोपेची तक्रार करणे हे त्याला स्वतःलाच कृतघ्नपणाचे वाटे, आणि माझ्या मते हे कारण वैद्यकीय कारणांपेक्षा कमी महत्त्वाचे नव्हते.

मोजमापाची साधनेही उशिरा आली. पिट्सबर्ग निद्रा गुणवत्ता निर्देशांक १९८९ मध्ये आणि दिवसाची पेंग मोजणारी एपवर्थ पट्टी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. पिट्सबर्ग प्रश्नावलीत गेल्या महिन्यातील झोपेविषयी १९ प्रश्न असतात, त्यांतून सात घटकांचे गुण काढतात आणि ० ते २१ या पट्टीवर ५ पेक्षा जास्त गुण म्हणजे निकृष्ट झोप असे धरतात. समजा, एखादी बाई रात्री अकराला अंथरुणावर पडते, सकाळी सातला उठते आणि त्या आठ तासांत प्रत्यक्ष साडेपाच तास झोपते. तिची झोपेची कार्यक्षमता साधारण ६९ टक्के भरते आणि फक्त या एका घटकाचे तिला तीनपैकी दोन गुण पडतात. ‘झोप लागते ना?’ असे विचारल्यावर हीच बाई बहुधा ‘हो, लागते’ असेच म्हणेल. सहाव्या-सातव्या वर्षापासून ज्याची झोप तुटक आहे, त्याला चांगली झोप कशी असते हे ठाऊक असण्याचे कारणच नसते. म्हणूनच अशा माणसांची तुलना कोणाशी करायची, हा मुद्दा कळीचा ठरतो.

त्याचे उत्तर १९९४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील रुग्णालयांनी मिळून सुरू केलेल्या बालकर्करोग सर्व्हायव्हर (म्हणजे कर्करोगातून वाचलेले) अभ्यासाने दिले. १९७० ते १९८६ या काळात, वयाच्या २१ वर्षांपूर्वी निदान झालेले आणि त्यानंतर किमान पाच वर्षे जगलेले हजारो रुग्ण त्यात घेतले गेले आणि तुलनेसाठी निवडली गेली त्यांचीच भावंडे. घर तेच, आईवडील तेच, अनुवंशाचाही बराच भाग सारखा. मुख्य फरक आजाराचा आणि उपचारांचा. या गटाच्या थकव्याचा आणि झोपेचा स्वतंत्र अहवाल २००८ मध्ये आला. त्यात सुमारे १९ टक्के सर्व्हायव्हर सर्वाधिक थकव्याच्या श्रेणीत होते, जवळपास १७ टक्क्यांची झोप विस्कळीत होती आणि १४ टक्क्यांना दिवसा जास्त पेंग येत होती. येथे सावधपणे वाचणे आवश्यक आहे: भावंडांशी तुलना करता सरासरीतला फरक लहानच होता, म्हणजे बहुतेक सर्व्हायव्हर बऱ्यापैकी झोपत होते. त्रास काही जणांमध्ये एकवटलेला होता, आणि नैराश्याशी त्याचे नाते ठळक दिसले.

त्रास नेमका कोणाला, याचे उत्तर एका कारणात सापडत नाही. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागाजवळ वाढणाऱ्या क्रेनिओफॅरिंजिओमासारख्या गाठीत कारण बरेचसे उघड असते. शरीराचे दैनंदिन घड्याळ चालवणारा पेशीपुंज आणि जागृती टिकवणारे हायपोक्रेटिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी याच भागात असतात, त्यामुळे गाठीने, शस्त्रक्रियेने किंवा रेडिएशनने तिथे इजा झाली की रात्र-दिवसाची लयच बिघडू शकते. भूक आणि वजन यांचे नियंत्रणही तिथेच असल्याने लठ्ठपणा येतो आणि त्यातून झोपेतील श्वासरोध उद्भवतो. ल्युकेमियातून वाचलेल्यांमध्ये कारणे इतकी एका जागी सापडत नाहीत. छातीला रेडिएशन मिळालेल्यांमध्ये फुप्फुसे किंवा हृदय, अवयव गमावलेल्यांमध्ये वेदना, आणि कित्येकांमध्ये पुन्हा आजार होईल या भीतीने जडलेली जागण्याची सवय, असे वेगवेगळे धागे असतात. ही शेवटची सवय रुग्णालयातच लागते, असे मानायला जागा आहे: रात्री दोनला वाजणारा सलाइन पंपाचा इशारा, ताप पाहायला आलेली परिचारिका, पहाटेचे रक्ताचे नमुने आणि पलंगाशेजारी जागी आई. झोपेची जागा सुरक्षित नसते, हे मूल तिथे शिकून जाते.

दरम्यान उपचार बदलत गेले. २४ ग्रेची मात्रा पुढे १८ वर आली, आणि सेंट ज्यूडच्याच गटाने २००९ मध्ये दाखवून दिले की, औषधोपचार काटेकोर असल्यास ल्युकेमियात प्रतिबंधक रेडिएशन सर्वच मुलांमध्ये टाळता येते. पण झोपेचा प्रश्न त्यासोबत सुटला नाही. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आजच्या उपचारांचा महत्त्वाचा भाग आहे, आणि ते सुरू असलेल्या दिवसांत मुलांची झोप बदलते, हे मनगटावरच्या हालचालमापकांनी टिपले गेले आहे. ज्यांच्या झोपेवरून आजचे निष्कर्ष काढले जातात, त्यांतील अनेकांना आता न दिले जाणारे उपचार मिळाले होते. रेडिएशनशिवाय बरी झालेल्यांपैकी अनेक जण मात्र अजून शाळा-महाविद्यालयात किंवा फार तर पहिल्या नोकरीत आहेत. त्यांच्या चाळिशीतल्या झोपेविषयी प्रश्नावल्यांत अद्याप काही नोंदले जाणे शक्य नाही.