गोठवलेला मालमत्ता कर

अमेरिकेतल्या एखाद्या शहराने डाऊनटाऊनमधल्या, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागातल्या, नव्या टॉवरला 2 कोटी डॉलरची मदत दिली, तरी शहराच्या अर्थसंकल्पात खर्चाच्या बाजूला हा आकडा बहुतेक वेळा सापडत नाही. अग्निशमन दलाची नवी गाडी सापडते, ग्रंथालयाचे वाढवलेले तास सापडतात, आणि काटकसरीची वेळ आली की कात्रीही त्यांच्यावरच चालते. टॉवरचे पैसे तिजोरीत पोचायच्या आधीच वळवलेले असतात.

हे वळवण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग, बोलताना नुसतं ‘टिफ’. कॅलिफोर्नियात 1952 मध्ये ती सुरू झाली आणि आज अ‍ॅरिझोना वगळता जवळपास सगळ्या राज्यांत तिचे कायदे आहेत. नगर परिषद नकाशावर एक हद्द आखते. त्या हद्दीतल्या मालमत्तांचं त्या दिवशीचं करपात्र मूल्य हे मूळ मूल्य ठरतं. पुढची वीसेक वर्षं (इलिनॉयमध्ये 23, आणि विधिमंडळाने मुदत वाढवली तर 35) शहर, काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि शाळांना फक्त या मूळ मूल्यावरचा कर मिळतो. वाढलेल्या मूल्यावरचा कर वेगळ्या निधीत जातो. त्या निधीतून त्याच हद्दीतले रस्ते, पार्किंगच्या इमारती, जमीनखरेदी किंवा थेट विकासकाचा काही खर्च भागवला जातो.

समर्थकांचा युक्तिवाद असा, की विकास झालाच नसता तर ही वाढही झाली नसती. मग कोणाचं काय गेलं? युक्तिवादाची ताकद आणि दुखणं, दोन्ही त्या ‘झालाच नसता तर’मध्ये आहेत.

गणित करून पाहू. हद्दीचं मूळ मूल्य 10 कोटी डॉलर आणि सगळ्या संस्थांचा मिळून कराचा दर 2 टक्के धरा. म्हणजे वर्षाला 20 लाख डॉलर: शाळांना 11 लाख, शहराला 5 लाख, काउंटीला 4 लाख. आता असं समजा, की हद्दीत एकही नवी वीट रचली गेली नाही, फक्त महागाईमुळे जागांच्या किमती दरसाल 3 टक्क्यांनी वाढल्या. 23 वर्षांनी मूल्य 19 कोटी 74 लाखांवर जातं. या काळात टिफच्या निधीत सुमारे 2 कोटी 8 लाख डॉलर जमतात, त्यातले साधारण 1 कोटी 15 लाख एरवी शाळांचे झाले असते. विकास शून्य, तरी निधी भरलेला! दुसऱ्या बाजूला त्या हद्दीतली कचरागाडी, पोलिसांची गस्त, जलवाहिन्यांची दुरुस्ती यांचा खर्चही 3 टक्क्यांनीच वाढतोय, पण त्यासाठी येणारे 20 लाख तेवढेच राहिलेत. तेविसाव्या वर्षी त्यांची किंमत आजच्या जेमतेम 10 लाखांइतकी उरते. काही राज्यांचे कायदे मूळ मूल्य महागाईप्रमाणे वाढवायची मुभा देतात. ही एकच तरतूद वरचं नुकसान पुसून टाकते, आणि कुठल्याही प्रस्तावात ती आहे का हे सर्वांत आधी पाहावं.

‘मदतीशिवाय हे घडलंच नसतं’ ही अट बहुतेक कायद्यांत लिहिलेली असते, पण ती तपासण्यासाठी बहुधा सल्लागाराचा अहवाल मागवला जातो आणि तो सल्लागार प्रकल्प व्हावा असं वाटणाऱ्यांनीच नेमलेला असतो. टिमोथी बार्टिक या अर्थशास्त्रज्ञाने 2018 मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. कंपन्यांनी कुठे यायचं, कुठे विस्तार करायचा, हे सवलतीमुळे प्रत्यक्षात बदललं अशा निर्णयांचं प्रमाण त्याच्या अंदाजात 2 ते 25 टक्क्यांच्या दरम्यान आहे. त्यातला सर्वांत उदार आकडा धरला तरी चार प्रकल्पांना प्रत्येकी 2 कोटी दिल्यावर एकच खरोखर त्या मदतीमुळे येतो; बाकीचे तीन तसेही आले असते. त्या एका प्रकल्पाची खरी किंमत 8 कोटी.

भार नेमका कोणावर पडतो, हे राज्याच्या करपद्धतीवर ठरतं. इलिनॉयमध्ये शाळा किंवा शहर ‘आम्हाला इतके डॉलर हवेत’ असं सांगतं आणि ती रक्कम करपात्र मूल्यांत वाटून दर निघतो. टिफमधली वाढ या वाटणीतून वगळलेली असते, त्यामुळे दर चढतो आणि हद्दीच्या आत-बाहेर सगळ्यांचंच बिल फुगतं. कॅलिफोर्नियात दर 1 टक्क्याच्या आसपास बांधलेला, म्हणून तिथे स्थानिक संस्थांचं उत्पन्नच घटत होतं. शाळांचं बरंचसं नुकसान राज्य भरून द्यायचं, म्हणजे स्थानिक डाऊनटाऊनचा खर्च राज्याच्या गळ्यात. शेवटी राज्याची स्वतःची तूट वाढली, तेव्हा गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्या कारकिर्दीत 2011 मध्ये कायदा झाला आणि 1 फेब्रुवारी 2012 रोजी टिफचा पैसा वापरणाऱ्या सुमारे 400 पुनर्विकास संस्था एका झटक्यात बंद झाल्या.

डेट्रॉईटचं उदाहरण या वादात हमखास येतं. जुलै 2013 मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा रस्त्यांवरचे सुमारे 40 टक्के दिवे बंद होते. आणि 2017 मध्ये तिथेच सुमारे 86 कोटी डॉलरचं लिटल सीझर्स अरीना हे क्रीडागृह उभं राहिलं, त्यात सार्वजनिक पैसा 32 कोटींच्या घरात. ‘हे पैसे दिव्यांना का दिले नाहीत?’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण नेमका नाही. वळवलेला बराचसा कर शाळांसाठीचा होता आणि ती भरपाई राज्याने करायची होती. कायद्याने ते पैसे दिव्यांवर खर्च करताच आले नसते. अनुदान आणि सेवा एकाच गल्ल्यातून दिल्या जातात असं धरून चालणं, ही दोन्ही बाजूंची आवडती चूक आहे. कोणता कर, कोणाच्या हक्काचा, हे आधी विचारावं लागतं.

डाऊनटाऊनच्या बाजूने बोलणारी आकडेवारीही भक्कम आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलमध्ये नगररचनाकार ज्यो मिनिकोझी यांनी एकरामागे मालमत्ता कर मोजला. शहराच्या कडेला 34 एकरांवर पसरलेलं वॉलमार्ट एकरी सुमारे 6,500 डॉलर देत होतं. डाऊनटाऊनमधली पाव एकराहून लहान जागेतली, दुकानं आणि घरं एकत्र असलेली जुनी इमारत एकरी 6,34,000. शिवाय रस्ते आणि जलवाहिन्या तिथे आधीच आहेत. पण ही इमारत शहराला फायद्याची ठरते ती कर भरते म्हणून. तोच कर 23 वर्षं तिच्याच अंगणात खर्च होणार असेल, तर एकरी आकड्याचा लाभ बाकीच्या वस्त्यांना तेवढा काळ मिळत नाही.

व्यवहार फसतात ते बहुधा कर्जरोख्यांच्या टप्प्यावर. वाढीव कर वर्षावर्षाने येणार, बांधकामाला पैसे आज लागणार, म्हणून शहर भविष्यातल्या कराच्या भरवशावर रोखे काढतं. कॅन्सस सिटीने पॉवर अँड लाइट डिस्ट्रिक्ट या डाऊनटाऊनमधल्या दुकानं-मनोरंजनाच्या भागासाठी 29.5 कोटी डॉलरचे रोखे काढले. दुकानं-उपाहारगृहं आली, गर्दीही झाली, पण कराचं उत्पन्न अंदाजापेक्षा कमी पडलं आणि हमी शहराची असल्यामुळे वर्षाला 1 ते 1.5 कोटी डॉलरची तूट सर्वसाधारण निधीतून भरावी लागली. पोलीस आणि अग्निशमन याच निधीवर चालतात. त्यात दुसरी गोची अशी, की गिऱ्हाईक नवं नसतं: नव्या चौकात जेवणारा माणूस जुन्या चौकातलं जेवण सोडून आलेला असतो, आणि जुन्या चौकाचा विक्रीकर तेवढा घटतो. कार्यालयं रिकामी पडली की मालक मूल्यांकनाविरुद्ध अपील करतात, मूल्य खाली येतं, रोख्यांचा हप्ता मात्र तोच राहतो.

यावर आधी बांधा, कर भरा, मग त्याच करातून परतफेड घ्या, असा करार चांगला चालतो. उत्पन्न कमी पडलं तर खड्डा विकासकाच्या हिशेबात पडतो. तरीही कराराच्या मसुद्यात ‘शहर पाठबळ देईल’ अशा अर्थाचं एखादं कलम मागच्या पानांवर दडलेलं आहे का, ते शोधावं. हद्दीचा नकाशाही नीट पाहावा: आधीच बांधून होत आलेली इमारत ओढून आत घेतली असेल, तर तिचा कर आयताच निधीत जातो. शेजारच्या दोन टिफ हद्दींमध्ये पैसे फिरवता येत असतील (इलिनॉयमध्ये येतात), तर एका हद्दीची शिल्लक कधीच ‘शिल्लक’ म्हणून दिसत नाही. शिकागो शहर दरवर्षी काही शिल्लक मोकळी करतं. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा शाळांना जातो.

सरकारी लेखापालनाचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाने 2015 मध्ये 77 क्रमांकाचं मानक काढलं. करसवलतींमुळे किती महसूल सोडला, हे त्यानुसार वार्षिक हिशेबाच्या टिपांमध्ये लिहावं लागतं. टिफ मात्र त्यातून बहुतांशी सुटतं, कारण तिथे कर माफ झालेला नसतो. तो पूर्ण भरला जातो आणि दुसऱ्या खिशात जातो. त्याचा आकडा हवा असेल तर प्रत्येक हद्दीचा स्वतंत्र वार्षिक अहवाल उघडून मूळ मूल्य, चालू मूल्य आणि निधीतली शिल्लक शेजारी-शेजारी मांडावी लागते.