एकाच शाळेत सगळ्यांचे पाट : मॉडच्या साइटवर नवीन गेम घेताना

आमची साइट सुरू झाली ती लालपरीसाठी. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये आपली एसटी चालवता यावी म्हणून कुडाळ-सावंतवाडीकडच्या आम्ही पाचसहा जणांनी मॉड बनवले होते, ते ठेवायला एक जागा हवी होती, बाकी काय नाय. गेम प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा, २०१२ चा, रस्ते सगळे युरोपातले आणि त्यावरनं सावंतवाडी-पणजी पाटीची लाल गाडी धावते, बघायला जाम मजा येते. मॉड म्हणजे हेच, कंपनीने दिलेल्या गेममध्ये खेळणाऱ्यांनी केलेला फेरफार. नवीन गाडी, नवीन नकाशा, कधीकधी तर अख्खा नवीन गेमच; काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये आला तो हाफ-लाइफचा मॉड म्हणूनच.

मग भाचा म्हणाला मामा, स्कायरिमचे पण घ्या की, आणि स्टार्ड्यू व्हॅली, आणि माइनक्राफ्ट. मी म्हटलं त्यात काय एवढं, ड्रॉपडाउनमध्ये तीन गेमची नावं वाढवायची. अख्खा पावसाळा गेला त्यात.

आमच्याकडे गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती बनवतात तिथे, मूर्ती बसवायला घरोघरचे पाट जातात. माती तीच, मूर्तिकार तोच, रंगाचे डबे तेच, पण एका घरचा गणपती बसलेला, दुसऱ्याचा मोरावर, तिसऱ्याची उंची अमक्याच्या वर जाता नये कारण वर माटवी, म्हणजे फळापानांची आरास, बांधायची असते. मॉडच्या साइटचं पण असंच आहे. अपलोड, लॉगिन, शोध, फाइल साठवणं हे सगळ्या गेमना सारखं. फाइल पोचल्याची खात्री करायची रीत पण सारखी: फाइलचा प्रत्येक बाइट एका गणितातनं काढून ६४ अक्षरांचा ठसा बनवायचा, त्याला एसएचए-२५६ म्हणतात, एक बाइट जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. दोघांनी एकच फाइल चढवली तर ठसे जुळतात आणि डिस्कवर एकदाच ठेवली की झालं. लाइट जाऊन अर्धवट चढलेली फाइल पण इथेच सापडते, आणि आमच्याकडे जुलैत लाइट किती जाते ते वेगळं सांगायला नको.

भानगड आहे ती पाटाची, म्हणजे प्रत्येक गेमच्या आपल्या आपल्या रीतीची.

साधी गोष्ट घ्या, दोन मॉड एकाच गोष्टीला हात लावतात तेव्हा कोणाचं चालायचं? ट्रकवाल्या गेममध्ये मॉडची यादी असते आणि त्यात जो वर तो जिंकतो. आम्ही म्हणून साइटवर सगळ्या पानांना एकच सूचना टाकलेली, महत्त्वाचा मॉड यादीत वर ठेवा. स्कायरिममध्ये बरोब्बर उलटं. तिथे यादी वरून खाली लोड होते आणि शेवटी आलेला आधीच्यावर आपला रंग मारतो. भाच्याने आमची सूचना वाचून यादी लावली आणि थोड्या वेळाने हाक आली, "मामा, ह्येंची तोंडां काळी कित्याक झाली?" बघतो तर गावातल्या अर्ध्या माणसांचे चेहरे राखाडी-काळे, मान वेगळ्याच रंगाची. कारण असं की स्कायरिममध्ये माणसाची माहिती प्लगइन नावाच्या फाइलीत असते आणि त्याचा तयार चेहरा वेगळ्या फाइलीत. माहिती एका मॉडची जिंकली आणि चेहरा दुसऱ्या मॉडचा राहिला की दोघांचा मेळ बसत नाही आणि तोंड काळं पडतं. चूक आमच्या एका ओळीची होती.

स्कायरिमचा अजून एक प्रकार मला फार आवडला. त्या जगातल्या प्रत्येक वस्तूला, म्हणजे तलवार काय, कोंबडी काय, आठ अंकी नंबर असतो, पण आपल्या दहाच्या पद्धतीत नाही, सोळाच्या पद्धतीत, शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ. पहिले दोन अंक सांगतात वस्तू कुठल्या प्लगइनमधनं आली, उरलेले सहा ती त्या प्लगइनमधली कितवी. दोन अंकांत सोळा गुणिले सोळा, २५६ नंबर बसतात. त्यातला शेवटचा, एफएफ, खेळताना तयार होणाऱ्या वस्तूंसाठी राखीव, म्हणजे उरले २५५, त्यात गेमच्या स्वतःच्या फाइली पण आल्या. लोक शेकडो मॉड लावतात, मग जागा संपते. पुढे स्कायरिमच्या स्पेशल एडिशन नावाच्या नव्या आवृत्तीत युक्ती केली, एफई हा एक नंबर छोट्या प्लगइनना वाटून दिला आणि पुढचे तीन अंक त्यांच्या ओळखीला घेतले, त्यामुळे एका नंबरात ४०९६ छोटे प्लगइन बसले. आमच्या वाडीत एका सातबाऱ्यावर जेवढी नावं असतात त्याचीच आठवण झाली. पण साइटला आता प्रत्येक प्लगइन छोटा की मोठा ते फाइल उघडून बघून लिहावं लागतं, आणि ट्रकच्या मॉडला हा रकानाच नको.

बरं फाइल उघडून गेम तरी ओळखता येतो का? स्कायरिमच्या प्लगइनची पहिली चार अक्षरं टीईएस४. स्कायरिम हा एल्डर स्क्रोल्स या गेमच्या मालिकेचा पाचवा भाग, तरी आत चार लिहिलंय, कारण चौथ्या भागापासनं तोच साचा चालत आलाय, फॉलआउट ४ या वेगळ्याच गेममध्ये सुद्धा तीच अक्षरं. नुसत्या तोंडावरनं ठरवलं की फसलात.

स्टार्ड्यू व्हॅली त्या मानाने गुणी. तिथले बहुतेक मॉड एसएमएपीआय नावाच्या लोडरवर, म्हणजे मॉड गेममध्ये चढवणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालतात आणि प्रत्येकात मॅनिफेस्ट नावाची छोटी फाइल असते, तीत मॉडची ओळख, व्हर्जन आणि माझ्याआधी कोण हवं ते लिहिलेलं. पाटामागे खडूने घराचं नाव लिहितात ना, तसं. आधी कोण नंतर कोण हे लावायची रीत जुनी आहे: ज्याला कोणाचीच गरज नाही तो पहिला बसवायचा, मग त्याच्यावर अवलंबून असलेले, असं करत जायचं. याला टोपोलॉजिकल सॉर्ट म्हणतात, स्कायरिमची यादी लावणारं लूट नावाचं टूल पण हेच करतं. अ ला ब आधी हवा आणि ब ला अ आधी हवा असं झालं तर मात्र यादी लागतच नाही.

व्हर्जन निवडणं, म्हणजे कुठल्या मॉडचं कुठलं व्हर्जन बाकीच्यांशी जुळतं ते ठरवणं, त्याहून वाईट. वीस मॉड, प्रत्येकाची पाच व्हर्जन, तर जोड्या होतात ९५ लाख कोटींच्या वर. सगळ्या तपासत बसलो तर म्हातारे होऊ. सगळ्याच बाबतीत हमखास झटपट चालेल असा उपाय या प्रकारच्या कोड्याला अजून कोणाला सापडलेला नाही, तरी रोजच्या मॉडना न जुळणाऱ्या फांद्या हुशारीने आधीच छाटत गेलं की उत्तर पटकन मिळतं. माइनक्राफ्टमध्ये त्यात फोर्ज आणि फॅब्रिक असे वेगवेगळे लोडर, गेमचं व्हर्जन एकच असलं तरी एकाचा मॉड दुसऱ्यावर तसाच चालेल असं नाही.

माइनक्राफ्टला मी घाबरून आहे ते वेगळ्या कारणाने. ट्रकच्या मॉडमध्ये मुख्यतः मॉडेल, रंग आणि साध्या मजकुराच्या फाइली, पण माइनक्राफ्टचा मॉड म्हणजे जावाचा चालता कोड, तो तुमच्या मशीनवर काहीही करू शकतो. जून २०२३ मध्ये कर्सफोर्ज या मॉडच्या साइटवरच्या काही माइनक्राफ्ट मॉडमधनं फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस पसरला होता, तो पासवर्ड चोरायचा आणि मशीनवरच्या दुसऱ्या जावा फाइलींतही शिरायचा. साध्या झिपमध्ये, म्हणजे दाबून छोट्या केलेल्या फाइलीत, पण खोड्या असतात म्हणा, ४२ किलोबाइटची एक प्रसिद्ध झिप आहे जी पूर्ण उलगडली तर साडेचार पेटाबाइट, म्हणजे ४५ लाख जीबी होते, म्हणून आमचा सर्व्हर आता किती उलगडायचं त्याला आधी मर्यादा घालतो.

मॉडच्या मोठ्या साइटवाल्यांनी पण हे असंच हळूहळू केलंय. नेक्सस मॉड्स २००१ मध्ये रॉबिन स्कॉटने सुरू केली ती एल्डर स्क्रोल्ससाठी, आज तिथे हजारो गेम आहेत. थंडरस्टोअर रिस्क ऑफ रेन २ या गेमपासून वाढलं. आम्ही आता प्रत्येक गेमचा एक छोटा वेगळा कोड ठेवलाय, त्यालाच आम्ही पाट म्हणतो. फाइल कुठे जाते, कोण जिंकतो, आधी कोण हवं, एवढ्याचीच उत्तरं त्याने द्यायची, बाकीच्या साइटला गेमचं नाव पण माहीत नसतं. स्टार्ड्यूचा पाट दोन दिवसांत झाला. स्कायरिमचा भाच्याच्या मशीनवर टेस्टला आहे, तोंडं अजून तरी गोरी आहेत. माइनक्राफ्टचा पाट रिकामाच आहे, फाइली तपासायला माणूस मिळेपर्यंत त्यावर माती चढवायची नाही असं ठरलंय, भाचा रुसलाय.