कलाभिव्यक्ती आणि भावनिक लवचिकता

लेखन, चित्र, संगीत, नृत्य, नाट्य अशा माध्यमांतून स्वतःचा अनुभव व्यक्त केल्यास आघातानंतर मन सावरण्याची क्षमता वाढते, या धारणेवर आधारलेल्या विचारांचा व पद्धतींचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. ‘लवचिकता’ ही संज्ञा पदार्थांच्या गुणधर्मावरून घेतलेली आहे. ताण काढल्यावर पदार्थ पूर्वीच्या आकारात परततो. दुःखातून सावरलेले मन मात्र पूर्वीसारखेच राहते असे नाही, ही या रूपकाची मर्यादा होय. मानसशास्त्रात ही कल्पना रुजण्यात हवाई बेटसमूहातील कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांच्या दीर्घकालीन अभ्यासाचा मोठा वाटा आहे. अतिशय प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले पुढे सक्षम प्रौढ झाली, असे एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले.

व्यक्त झाल्याने मन मोकळे होते ही समजूत जुनी असली, तरी तिचे शास्त्रीय मूळ वादग्रस्त आहे. ते सामान्यतः ॲरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’मध्ये (इ. स. पू. चौथे शतक, बहुधा उत्तरार्ध) शोधले जाते. शोकात्मिका करुणा व भीती यांच्या द्वारे अशा भावनांचे ‘कॅथार्सिस’ घडवते, असे तेथे सहाव्या प्रकरणात म्हटले आहे. पण या शब्दाची व्याख्या दिलेली नाही. त्याच्याच ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाच्या आठव्या भागात संगीताच्या संदर्भात हाच शब्द येतो आणि त्याचे सविस्तर विवेचन काव्यविषयक ग्रंथात करू, असे आश्वासनही मिळते, उपलब्ध ग्रंथात मात्र ते विवेचन सापडत नाही. या पोकळीत पुढच्या भाष्यकारांनी आपापले अर्थ भरले. अठराव्या शतकात लेसिंग या जर्मन समीक्षकाने भावनांचे सद्गुणांत रूपांतर असा नैतिक अर्थ लावला. याकोब बेर्नाइस याने १८५७ मध्ये ही संज्ञा वैद्यकातील असून साचलेल्या भावनांचा निचरा असा तिचा अर्थ असल्याचे प्रतिपादन केले. लिऑन गोल्डन याने १९६२ मध्ये ‘बौद्धिक उलगडा’ हा अर्थ पुढे केला. मराठीत रूढ झालेला ‘विरेचन’ हा प्रतिशब्द आयुर्वेदातील पंचकर्मांतून आलेला असल्याने तो वापरताच आपण नकळत बेर्नाइसच्या बाजूला जातो. प्रस्तुत विषयापुरते पाहता गोल्डनचा अर्थ अधिक उपयुक्त वाटतो, कारण पुढे दिसेल त्याप्रमाणे लाभ भावना बाहेर टाकण्यापेक्षा अनुभव उलगडण्याशी अधिक निगडित दिसतो.

बेर्नाइस हा मनोविश्लेषणाचा प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड याच्या पत्नीचा काका होता. ब्रॉयर व फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये उन्मादविकारावरील (हिस्टेरिया) ग्रंथात ‘विरेचन पद्धती’ मांडली, तिच्यामागे या नात्याचा प्रत्यक्ष प्रभाव किती, याविषयी एकमत नाही. दाबलेली भावना बाहेर पडली की विकार ओसरतो, हे सूत्र मात्र तेथूनच लोकांच्या बोलण्यात उतरले असावे.

भारतीय काव्यशास्त्रात या प्रश्नाकडे पाहण्याची वेगळी दिशा आढळते. भट्टनायकाने मांडलेले साधारणीकरण (भावना व्यक्तिविशिष्ट न राहता सर्वांची होणे) आणि अभिनवगुप्ताने (दहाव्या-अकराव्या शतकांचा संधिकाल) सांगितलेली रसविघ्ने (रसास्वादातील अडथळे) यांचे तात्पर्य असे की, स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेल्या मनाला रसास्वाद घेता येत नाही. भावना ‘माझी’ या कडीतून सुटावी लागते. हा विचार प्रेक्षकाविषयीचा आहे, निर्मात्याविषयीचा नव्हे. त्यामुळे त्याला आधुनिक उपचारांचे पूर्वरूप ठरविणे योग्य होणार नाही.

उपचाराचे साधन म्हणून कलेचा पद्धतशीर वापर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाला. एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराला क्षयरोगावरील उपचारांसाठी आरोग्यधामात राहत असताना चित्रे काढण्याचा उपयोग जाणवला आणि १९४२ च्या सुमारास त्याने ‘आर्ट थेरपी’ (कलोपचार) ही संज्ञा वापरात आणली, असे मानले जाते. अमेरिकेत मार्गारेट नाउमबर्ग यांनी चित्र हे अबोध मनाकडे जाणारे द्वार मानले, तर ईडिथ क्रेमर यांच्या मते उपचार चित्र काढण्याच्या कृतीतच होता. क्रेमर या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांच्या शिष्या होत. डिकर-ब्रांडाइस यांनी तेरेझिन येथील नाझी छळछावणीत मुलांना गुपचूप चित्रकला शिकविली. त्या स्वतः १९४४ मध्ये आउश्विट्झ येथे मारल्या गेल्या. दोन सुटकेसांत भरून दडविलेली मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे मात्र वाचली. या चित्रांत फुले, खिडक्या, घरे, फुलपाखरे मोठ्या संख्येने आहेत, आणि छावणीतील रांगा व पहारेकरीही आहेत.

प्रायोगिक पुराव्यात निचऱ्याची कल्पना फारशी टिकत नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधील प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी चिडविणाऱ्या व्यक्तीला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारले, त्यांचा राग कमी होण्याऐवजी वाढला. काहीही न करता बसून राहिलेल्यांत आक्रमकता सर्वांत कमी दिसली. चित्रांबाबतही तात्पुरती मनःस्थिती सुधारण्यासाठी दुःखच रेखाटण्यापेक्षा वेगळ्या विषयात रमणे अधिक परिणामकारक ठरते, असे एलन विनर व सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून दिसते.

लेखनाविषयीचा अभ्यास सर्वांत विपुल आहे. जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटे लिहावयास लावले. काहींना क्षुल्लक विषय, काहींना आघाताची केवळ हकिकत, काहींना केवळ भावना, तर काहींना हकिकत व भावना दोन्ही, असे विषय होते. शेवटच्या गटाचा रक्तदाब लिहिल्यानंतर लगेच वाढलेला आणि मन खिन्न झालेले आढळले. तथापि पुढील सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पेनेबेकर यांनी प्रथम याचे श्रेय भावना दडपण्याचा ताण हलका होण्यास दिले होते. पुढे शब्दांची मोजणी केल्यावर, ज्यांच्या लेखनात दिवसागणिक ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘आता कळते’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले त्यांनाच अधिक लाभ झाल्याचे दिसले. उदाहरणार्थ, पहिल्या दिवशी ‘दार वाजले. मी उठलो नाही.’ असे तुटक लिहिणारा चौथ्या दिवशी ‘मी घाबरलो होतो, म्हणून उठलो नाही’ असे लिहितो, तेव्हा दोन सुट्या गोष्टी त्या एका ‘म्हणून’ने जोडल्या जातात. पहिल्याच दिवशी सुसंगत गोष्ट लिहिणाऱ्यांस तितका लाभ होत नाही, ही नोंद विशेष लक्षणीय आहे.

परिणामाचे प्रमाण मात्र माफक आहे. जॉशुआ स्मिथ यांच्या १९९८ मधील १३ अभ्यासांच्या आढाव्यात ते मध्यम दिसले होते. जोआन फ्रातारोली यांनी २००६ मध्ये १४६ अभ्यास एकत्र केले, तेव्हा लेखन व लाभ यांतील सहसंबंधांक (संबंध मुळीच नसल्यास ०, पूर्ण असल्यास १) केवळ ०·०७५ इतका आला. नुकतेच जोडीदारापासून विभक्त झालेल्यांच्या २०१३ मधील एका अभ्यासात, आधीच घटनेचा अर्थ सतत शोधणाऱ्यांची स्थिती भावनिक लेखनाने सुधारण्याऐवजी रेंगाळली. तेच तेच घोळवत राहणाऱ्यास वही हे घोळविण्याचे आणखी एक ठिकाण होऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला व आरोग्य यांविषयीच्या ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात समूहगायन, नृत्य व नाट्य यांचाही समावेश आहे. ४५ मिनिटे कलाकृती करण्यात घालविलेल्या ३९ प्रौढांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांत कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण उतरल्याचे २०१६ मध्ये आढळले. या अभ्यासात तुलनेसाठी नियंत्रण गट नव्हता.