बुलपेन आणि लाइव्ह बीपी : पिचरच्या सरावातले दोन निराळे दिवस

फेब्रुवारीच्या मध्यावर मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या अव्वल स्पर्धेचे तीसही संघ स्प्रिंग ट्रेनिंगला, म्हणजे हंगामाआधीच्या सरावाला जमतात. पंधरा फ्लोरिडात, पंधरा ॲरिझोनात. पिचर (चेंडू टाकणारा) आणि कॅचर (बॅटरच्या मागे बसून तो झेलणारा) यांना बाकीच्यांच्या काही दिवस आधी हजर व्हावं लागतं, कारण पिचरचा हात तयार व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. या दिवसांतल्या बातम्यांमध्ये दोन गोष्टी सतत येतात : अमक्याने आज बुलपेन टाकलं, तमक्याने लाइव्ह बीपी टाकली. क्रिकेटवर वाढलेले आपण दोन्हींना ‘नेट प्रॅक्टिस’ म्हणून मोकळे होतो. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. पण पिचरच्या जागी उभं राहून पाहिलं की दोन्हींतलं अंतर खूप मोठं वाटतं.

बुलपेन म्हणजे मैदानाच्या कडेला ओळीने केलेले मातीचे उंचवटे, म्हणजे माउंड. उंची 10 इंच. तिथून 60 फूट 6 इंचांवर होम प्लेट, म्हणजे बॅटर जिच्या बाजूला उभा राहतो ती जमिनीतली पट्टी, आणि प्लेटमागे उकिडवा बसलेला कॅचर. बॅटर नाही. कधीकधी एखादा बॅटर नुसता उभा राहतो, बॅट फिरवत नाही. लहानपणी आपण खेळपट्टीवर रुमाल टाकून त्यावरच टप्पा पाडायचा सराव करायचो, त्याच्या जवळ जाणारा हा प्रकार आहे. इथे चेंडू टप्पा न घेता थेट कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जातो, म्हणून ग्लोव्ह हाच रुमाल.

इथे पिचरचं सगळं लक्ष स्वतःच्या शरीराकडे असतं. पुढचा पाय कुठे पडतोय, चेंडू सोडताना हात उशिरा तर येत नाही, हिवाळ्यात शिकलेल्या नव्या स्लायडरवर (शेवटी बाजूला वळणारा वेगवान चेंडू) बोटं नीट बसतात का. वीस-तीस चेंडू, मागे कोच, बाजूला वेग आणि फिरकी मोजणारी यंत्रं. एखादा चेंडू वाकडा गेला तर तोच परत टाकता येतो, आणि ही मोकळीक फार मोलाची आहे. ॲरिझोनात मात्र एक अडचण येते. हवा इतकी कोरडी की चेंडू हातात गुळगुळीत लागतो आणि कर्व्ह (हवेतच वळत खाली येणारा चेंडू) मनासारखा वळत नाही. अनुभवी पिचर ते हवेच्या खाती टाकतो. नवखा मात्र आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून बोटांची पकड बदलत बसतो, आणि मला वाटतं बुलपेनमधली सगळ्यात महागडी चूक हीच.

लाइव्ह बीपीमध्ये बीपी म्हणजे बॅटिंग प्रॅक्टिस. या शब्दानेच निम्मा गोंधळ होतो, कारण साध्या बीपीत एखादा कोच जवळून, जाळीच्या आडोशाने हलके चेंडू टाकतो आणि बॅटर ते लांब लांब मारतात. तिथे पिचरचं काही काम नसतं. ‘लाइव्ह’ म्हटलं की मुख्य माउंडवर खरा पिचर, समोर खरा बॅटर, आणि कुठला चेंडू येणार हे बहुधा त्याला सांगितलेलं नसतं.

बॅटर उभा राहिला की आतापर्यंत पायाकडे असलेलं पिचरचं लक्ष एकदम प्लेटकडे जातं. कालच्या बुलपेनमध्ये सहज 145 किलोमीटर वेगाने जाणारा चेंडू आज न ठरवता अधिक जोरात सुटतो. इतक्या वेगाचा चेंडू साधारण 0.4 सेकंदांत प्लेटपाशी पोचतो. बॅटर कधी त्याला हातही लावत नाही, तर कधी कचकन मारून कुंपणापार घालवतो. शिवाय समोरचा बॅटर आपल्याच संघातला. त्याच्या बरगडीत चेंडू बसला तर सगळ्या संघाचं नुकसान. म्हणून सामन्यात बिनधास्त बॅटरच्या अंगाजवळ टाकला जाणारा फास्टबॉल इथे बरेच जण टाळतात.

त्यामुळे ‘लाइव्ह बीपीत चार जणांना बाद केलं’ अशी बातमी वाचून मी हुरळून जात नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत बॅटर तयारीत पिचरच्या मागे असतात, कित्येक महिन्यांनी ते असा वेग पाहत असतात. काही जण तर मुद्दाम बॅट न फिरवता चेंडू फक्त डोळ्यांनी टिपत राहतात. तशीच बुलपेनमधल्या वेगाची बातमी. समोर कुणी नसताना मोजलेला तो आकडा असतो.

भारताशी जोडलेलं एक उदाहरण इथे चपखल बसतं. 2008 मध्ये वेगाने आणि अचूक चेंडू फेकण्याच्या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पुढे आले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. दोघांनी त्याआधी बेसबॉल खेळलेला नव्हता. ती स्पर्धा मुळात एक बुलपेनच होती : हात, वेग, लक्ष्य. बॅटर समोर आल्यावर काय करायचं हे त्यांना व्यावसायिक बेसबॉलमध्ये शिकावं लागलं. बेसबॉल माहीत नसलेल्या घरांतून येऊन त्यांनी ते केलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

क्रम मात्र बदलत नाही. आधी लांबवर फेकाफेकी, मग बुलपेन, मग लाइव्ह, मग सराव सामन्यातल्या नऊ डावांपैकी एक-दोन डाव, आणि मार्चअखेरीपर्यंत सामन्याची सुरुवात करणारा पिचर पाच-सहा डावांपर्यंत पोचतो. मध्येच काही दिवस हात जड, निर्जीव वाटतो. खेळाडू त्याला ‘डेड आर्म’ म्हणतात. तो बहुतेक वेळा ओसरतो, पण दुखणं आणि हे जडपण यांतला फरक पिचरने स्वतःच ओळखून सांगावा लागतो. लाइव्हच्या भरात तो लपतो, दुसऱ्या दिवशी बुलपेनच्या शांततेत कळतो.

ॲरिझोनातल्या मागच्या मैदानांवर सकाळी सराव पाहायला गेलात तर लाइव्ह बीपी संपल्यावर लगेच निघू नका. बऱ्याचदा पिचर माउंडवरून उतरून सरळ बॅटरकडे जातो आणि विचारतो, चेंजअप (फास्टबॉलसारखा भासणारा पण हळू येणारा चेंडू) हातातून सुटतानाच कळत होता का? बॅटर हाताने दाखवतो, इथे तुझं मनगट दिसतं. आणि दोन दिवसांनी तोच पिचर बुलपेनमध्ये, कॅचरसमोर एकटा, तेवढ्या मनगटावरच काम करत असतो.