कुलूप दोन्हीकडे, किल्ली कोणाकडे?

पुण्यात भाड्याने घर घ्यायचं म्हटलं की आधार, पॅन, फोटो असं सगळं एजंटला व्हॉट्सॲपवर जातं आणि त्याची एक प्रत आपल्या ड्राइव्हवर वर्षानुवर्षं पडून राहते. 'एन्क्रिप्टेड असतं हो, काळजी नको,' असं कोणीतरी सांगतंच. ते खरंही आहे. पण एन्क्रिप्टेड (म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारं) वेगळं आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड वेगळं. जाहिराती हा फरक सहसा सांगत बसत नाहीत.

गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह तुमची फाइल वाटेत आणि सर्व्हरवर, दोन्ही ठिकाणी एन्क्रिप्ट करतात. एरवी किल्ली मात्र कंपनीच्याच हाती असते. म्हणून तर पीडीएफच्या आतला शब्द टाकला तरी फाइल सापडते आणि पासवर्ड विसरलात तरी ओटीपी घेऊन सगळं परत मिळतं. कायदेशीर आदेश आला तर फाइलमधला मजकूर देणंही याचमुळे शक्य होतं. याचा अर्थ तिकडे कोणी तुमचं आधार कार्ड वाचत बसलंय असा नाही. ड्राइव्हमधला मजकूर जाहिरातींसाठी वापरत नाही, असं गूगल सांगतं. पण ते धोरण झालं, आणि धोरण बदलता येतं.

प्रोटॉन ड्राइव्ह, मेगा यांच्याकडे फाइल तुमच्या फोनवरच कुलूपबंद होऊन वर जाते. ती उघडणारी किल्ली कंपनीकडे नसते. हेच एंड-टू-एंड एन्क्रिप्शन. पासवर्डही गेला आणि रिकव्हरी की, म्हणजे अडीअडचणीसाठीची जादा किल्ली, तीही हरवली, तर कस्टमर केअरशी अस्सल पुणेरी हुज्जत घातली तरी उपयोग नाही. शिवाय इथेही कंपनीला तुमचं खातं, आयपी ॲड्रेस, फाइल साधारण केवढी आणि कधी चढवली हे दिसू शकतं.

खरा घोळ होतो तो एकाच ॲपमध्ये दोन्ही प्रकार असतात तेव्हा. व्हॉट्सॲपचे मेसेज एंड-टू-एंड असतात, पण ड्राइव्हवरच्या बॅकअपला तसं संरक्षण देण्याची सोय 2021 मध्ये आली, आणि ती आपण सुरू करावी लागते. आयक्लाउडचंही तसंच. फोटो आणि बॅकअपची किल्ली ॲपलकडे नको असेल, तर 2022 च्या अखेरीस आलेलं ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन स्वतः चालू करायचं.

सगळं ड्राइव्ह हलवण्याचा खटाटोप मला तरी पटत नाही. मुंजीचे फोटो राहू देत तिथेच. उलट, पासवर्ड विसरून ते कायमचे गमावण्याची भीती जास्त. आधार, पॅन, बँक स्टेटमेंट, तपासण्यांचे रिपोर्ट तेवढे एंड-टू-एंड जागी ठेवावेत.

आणि 'लिंक असलेल्या कोणालाही' या सेटिंगपुढे दोन्ही प्रकार सारखेच हतबल. मेगाच्या नेहमीच्या लिंकमध्ये तर किल्लीच असते. करार नोंदवून झाला की एजंटला दिलेली लिंक आठवणीने बंद करा.