झाडीपट्टी रंगभूमीवरील कपडेपट

झाडीपट्टी रंगभूमीवरील कपडेपट : पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात दिवाळीनंतर होणाऱ्या रात्रभराच्या नाटकांतील वेशभूषा, रंगभूषा आणि त्यांभोवतीची पडद्यामागची व्यवस्था. भंडारा, गोंदिया, गडचिरोली हे जिल्हे आणि चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग हे या रंगभूमीचे क्षेत्र. भाऊबीजेनंतरच्या मंडयांपासून (गावोगावच्या जत्रांपासून) साधारण होळीपर्यंत हंगाम चालतो. व्यावसायिक मंडळांचे प्रमुख केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे आहे.

नाट्यव्यवहारात पोशाखांसाठी दोन शब्द रूढ आहेत. ‘कपडेपट’ हा जुन्या नाटक कंपन्यांतला, ‘रंगपट’ (नटांची रंगण्याची जागा) या शब्दाच्या जोडीने आलेला. ‘ड्रेपरी’ हा इंग्रजीतून आलेला. मुळात तो कापडाच्या चुण्यांना आणि पडद्यांना लावला जाई, मराठी नाटकवाल्यांनी मात्र त्याला भाड्याच्या पोशाखांचा अर्थ दिला आणि पोशाख पुरवणारा ‘ड्रेपरीवाला’ झाला. ‘वेशभूषाकार’ हा तिसरा शब्द जाहिरातींत छापला जातो; बोलण्यात त्याचा वापर कमी.

या कपडेपटाची परंपरा कोठून आली, हा प्रश्न झाडीपट्टी रंगभूमीच्या उगमाच्या वादाशी जोडलेला आहे. एका मतानुसार ही रंगभूमी दंडार या स्थानिक लोकप्रकारातून वाढली. टिपऱ्यांच्या तालावरील नाच-गाण्यांना पुढे कथानकाची जोड मिळून ‘परसंगी’ दंडार झाली आणि तिच्यातून नाटक उभे राहिले, अशी ही मांडणी आहे. झाडीबोली आणि दंडार यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्यात हरिश्चंद्र बोरकर यांच्या लेखनाचा वाटा मोठा आहे. दुसरे मत मराठी नाटक कंपन्यांच्या प्रभावाला प्राधान्य देते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक सादर केले, १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत नाटकाने नवे वळण दिले आणि ही लाट नागपूरमार्गे पूर्वेकडे गेली, असे हे मत मानणारे म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत गोंदिया-नागभीड-चांदा (आताचे चंद्रपूर) हा अरुंद रुळांचा लोहमार्ग झाला आणि वडसा त्यावरचे स्थानक बनले; पडदे व पेट्या आणण्याची सोय त्यामुळे झाली असणे शक्य आहे. खुद्द नाटकांची सुरुवात मात्र या मार्गाच्या आधीची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली मानण्याकडे कल दिसतो.

संहितांवरून हा वाद सुटणे कठीण; कपड्यांवरून थोडा उलगडतो. झाडीपट्टीच्या ऐतिहासिक-पौराणिक नाटकातील राजा पाहावा: मखमली अंगरखा, चोळणा किंवा सुरवार, मंदिल अथवा जिरेटोप, छातीवर खोट्या मोत्यांचे सर, कमरेला पत्र्याची तलवार. दंडारीत याचे पूर्वरूप सापडत नाही. तो कंपनीच्या नाटकातला आहे आणि त्याच्यामागे छापील चित्रेही आहेत. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाल्यावर देवादिकांचे व राजस्त्रियांचे एक ठरावीक रूप घरोघरच्या भिंतींवर गेले. खेड्यातल्या शिंप्याला नमुना म्हणून त्याहून हाताशी काय असणार? उलट, पुरुषाने कासोटा घालून नेसलेले लुगडे, पायातले चाळ, पदर खोचण्याची आणि सोडण्याची लकब या गोष्टी दंडार आणि खडी गंमत (विदर्भातील तमाशासारखा लोकप्रकार) यांतील नाच्याकडे, म्हणजे स्त्रीवेशात नाचणाऱ्या पुरुषाकडे, बोट दाखवतात. म्हणजे राजा कंपनीतून आला आणि बाई दंडारीतून, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. एका उगमाचा आग्रह धरणाऱ्यांनी या मिश्रणाकडे फारसे पाहिलेले नाही.

रंगभूषेत मुरदाडशिंगाचा उल्लेख करावा लागतो. हे शिशाचे ऑक्साइड. पिवळसर-तांबूस, जड, कुटून वस्त्रगाळ करता येणारे. शब्द फारसी ‘मुर्दारसंग’ यावरून आला असून त्यातील ‘संग’ म्हणजे दगड. मराठीत त्याचे ‘शिंग’ झाले आणि प्राण्याच्या शिंगाशी त्याचा संबंध असल्याचा गैरसमज त्यातूनच पसरला. तमाशातील नाच्यांप्रमाणे खडी गंमतीतही चेहऱ्याला मुरदाडशिंग लावत असावेत. याच्या जोडीला सफेदा (पांढरा रंग), हिंगूळ (लाल), पिवडी (पिवळा), काजळ आणि चमकीसाठी अभ्रकाची पूड असे. मुरदाडशिंग निवडण्यामागे उजेडाचे कारण होते. मशाल, टेंभा आणि पुढे गॅसबत्ती यांचा उजेड कमी-अधिक पिवळा. त्यात निव्वळ सफेदा चुना फासल्यासारखा दिसतो, तर मुरदाडशिंग कातडीच्या रंगात मिसळते. शिसे विषारी असल्याने हा रंग वर्षानुवर्षे लावणे अपायकारकच. पॅनकेक आणि ग्रीजपेंट हे चेहऱ्याचे तयार रंग मिळू लागल्यावर तो मागे पडला. दाढीमिशांसाठी ताग वा अंबाडीचे पिंजलेले धागे काळे रंगवून डिंकाने चिकटवीत, असे सांगतात. आता क्रेपचे केस आणि स्पिरिट गम सर्रास वापरतात.

उजेड बदलला तसे कापडही बदलले. याच मुलखात आरमोरीच्या परिसरात ढिवर समाजाचे लोक ऐन व अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पोसतात आणि भंडारा जिल्ह्यात त्याचा कोसा विणला जातो. विदर्भाची कोशाची करवतकाठी साडी प्रसिद्ध आहे. तरीही झाडीपट्टीच्या राजाच्या अंगावर कोसा क्वचितच दिसतो. किंमत हे एक कारण. दुसरे असे, की कोशाची चकाकी मंद असते. जनित्रावरच्या हॅलोजनखाली आणि अलीकडच्या एलईडीखाली तो मळका भासतो, तर वाराला थोडक्या पैशांत मिळणारे नायलॉनचे सॅटीन शेवटच्या रांगेपर्यंत झगमगते. बटबटीतपणाबद्दल शहरी समीक्षकांनी नाके मुरडली आहेत. परंतु खुल्या रानात, लांबवर बसलेल्या प्रेक्षकाला पात्र ओळखू आले पाहिजे, ही गरज त्यांनी लक्षात घेतलेली नाही.

नाटक कापणी झालेल्या बांधीत (धानाच्या खाचरात) होते. मागच्यालाही दिसावे म्हणून प्रेक्षकांची जागा मंचाकडे उतरती खणतात आणि भोवती कनाती लावून तिकिटे ठेवतात. मंचाच्या मागे तट्टे, ताडपत्री किंवा पडदे बांधून रंगपट तयार होतो. आत दोरीवर प्रवेशाच्या क्रमाने कपडे, खाली लोखंडी पेट्या, पेटीच्या झाकणाला टेकवलेला आरसा आणि वर एक बल्ब. स्त्री-कलाकारांसाठी मध्ये एक चादर आडवी लावली, की दोन खोल्या झाल्या. भाऊबीजेच्या सुमारास धानावरचे तुडतुडे दिव्यावर झेपावतात आणि ओल्या रंगावर चिकटतात. ते बोटाने निपटायला गेले तर गालावर काळी रेघ उठते, म्हणून जाणता रंगभूषाकार रंग वाळू देतो आणि मग पावडरच्या पफाने ते झटकतो. डिसेंबर-जानेवारीत किडे नसतात, पण पारा १० अंशांच्या खाली उतरतो. तेव्हा जरीच्या अंगरख्याखाली स्वेटर असतो आणि राजा आपोआप भरदार दिसतो. लावणी नाचणारीला ही सोय नाही. ती प्रवेश संपताच शाल गुंडाळून शेकोटीपाशी जाते, मात्र नायलॉनमुळे बेताच्या अंतरावरच बसते.

प्रयोग रात्री दहा-अकराला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. तालमी थोड्या आणि नाटके अनेक, त्यामुळे विंगेत बसणारा प्रॉम्प्टर हा या रंगभूमीचा कणा आहे. तो संवाद पुरवतो आणि कपडेपटाचे घड्याळही त्याच्याच हातात असते: पुढच्या प्रवेशाची पाने उरली तशी तो मागे खूण करतो आणि “चाला, सीन लागला” अशी हाक जाते. घाईत कपडे बदलण्यासाठी शिवलेली नऊवारी आली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. ते नेसायला लागणारा वेळ नाडी आणि हूक यांनी वाचवला. जुन्या पुरुष नटांना हे कापड नेसण्याचे कसब अंगभूत होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूर व अन्य शहरांतून अभिनेत्री येऊ लागल्या आणि ते कसब हळूहळू नाहीसे झाले.

सध्या कौटुंबिक-सामाजिक नाटकांचा भरणा अधिक असून त्यांत कपडेपटाचे काम कमी. साड्या बहुधा कलाकारांच्या स्वतःच्या असतात. खलनायकाचा भडक शर्ट आणि विनोदी पात्राची आखूड विजार एवढे मंडळाकडून मिळते. या विनोदी परंपरेतील नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दूरचित्रवाणी मालिकांतील कलाकार हंगामात येथे काम करू लागल्यापासून मालिकांची साडी, मंगळसूत्र आणि टिकलीही आली. दोन्हींकडील काम मात्र वेगळे. मालिकेचे चित्रण मागेपुढे होते, म्हणून काल घातलेली बांगडी आज त्याच हातात आहे ना, हे छायाचित्रांवरून ताडून पाहावे लागते. झाडीपट्टीत सगळे एकाच रात्री, एका ओळीत घडते. तेथे प्रश्न असतो तो वडिलांचा पांढरा सदरा तिसऱ्या अंकापर्यंत पांढरा राहील का, हा. मातीच्या मंचावर बसण्याचा प्रवेश पहिल्या अंकात असला, तर दुसरा सदरा पेटीत ठेवतात.

पहाटे खोबरेल तेलाने रंग पुसून, पेट्या गाडीत चढवून मंडळ मुक्कामी परतते किंवा थेट पुढच्या गावी जाते. रोज नवे गाव असल्याने धुण्याला उसंत नसते. ओले कपडे गाडीच्या खिडक्यांना बांधून वाळवतात. होळीनंतर, मोहफुले वेचण्याच्या दिवसांत, कपडेपट एकदाचा धुऊन उन्हात घालतात, तुटलेली जर टाचतात आणि कडुलिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या घालून पेट्या पुढच्या दिवाळीपर्यंत बंद करतात.